जेटेबलचा सेल राखाडी दिसला म्हणजे लॉक झाला असं नसतं

जावा स्विंग (जावात खिडक्या, बटणं, तक्ते बनवायची लायब्ररी) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय. जेटेबलमधला, म्हणजे स्विंगच्या तक्त्यातला, सेल अटीवर एडिटिंगसाठी बंद करायचाय ना, मग रेंडररमध्ये सेटएनेबल्ड फॉल्स करा, नाहीच जमलं तर जेटेबलमध्ये इजसेलएडिटेबल (सेल बदलता येईल का हे सांगणारी मेथड) ओव्हरराइड करून रो नंबर तपासा, मॉडेलला (तक्त्याचा डेटा ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला) हात लावायची गरज नाही, एकदा फॉल्स आलं की डेटा सेफ. नवीन पोरं हे जसंच्या तसं उचलतात आणि मग हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नको तिथे आकडे बदलतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी रेंडरर. त्याचं काम फक्त सेल रंगवायचं. एकच लेबल शिक्क्यासारखं एकामागून एक सेलवर उमटवलं जातं, त्यामुळे एका सेलसाठी फॉल्स केलं आणि पुढच्यासाठी परत ट्रू केलं नाही की नंतरचे सगळेच राखाडी दिसायला लागतात. आणि एडिटिंग सुरू करताना टेबल रेंडररला विचारतच नाही. राखाडी सेलवर डबल क्लिक करा, एफ२ दाबा किंवा नुसतं टाइप करायला लागा, एडिटर उघडतोच.

आता ओव्हरराइड. जेटेबलच्या इजसेलएडिटेबलला मिळणारे रो आणि कॉलम हे स्क्रीनवरचे असतात, मॉडेलमधले नाही. जावा ६ पासून रो सॉर्टर आलाय, युजरने हेडरवर क्लिक करून तारखेप्रमाणे सॉर्ट केलं की स्क्रीनवरची तिसरी ओळ मॉडेलमध्ये सतरावी असू शकते, आणि समजा प्रत्येक ओळ एक बिल आहे, मंजूर बिलं बंद ठेवायचीत, तोच नंबर घेऊन तुम्ही मॉडेलला बिलाचं स्टेटस विचारलंत तर भलत्याच बिलाला कुलूप लागतं. कॉलम तर युजर ओढून इकडेतिकडे करू शकतोच. जेटेबलचं मूळ इजसेलएडिटेबल हे इंडेक्स स्वतः बदलून मॉडेललाच विचारतं, मग अट सरळ तिथेच लिहा ना! तयार मिळणाऱ्या मॉडेल क्लासांपैकी डिफॉल्टटेबलमॉडेल कायम ट्रू देतं आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल कायम फॉल्स, म्हणजे मॉडेलला हात न लावता अट येणार कुठून?

सगळ्यात घातक म्हणजे ते 'डेटा सेफ'. टेबलमॉडेलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की सेल एडिटेबल नसेल तर सेलमध्ये लिहिणाऱ्या सेटव्हॅल्यूअ‍ॅटने व्हॅल्यू बदलणार नाही, पण डिफॉल्टटेबलमॉडेलचं सेटव्हॅल्यूअ‍ॅट हे तपासतच नाही, सरळ लिहून मोकळं होतं. म्हणजे तुमचा पेस्टचा कोड किंवा फाइल इम्पोर्ट त्या वाटेने आला तर कुलूप असून नसल्यासारखं. शिवाय 'सेल एडिटेबल आहे का' हा प्रश्न विचारला जातो तो फक्त एडिटिंग सुरू होताना. समजा बिल कच्चं असताना कोणी 'दर' कॉलममध्ये कर्सर ठेवून अर्धा आकडा टाइप केलाय आणि तेवढ्यात मागच्या थ्रेडने सर्व्हरवरून 'मंजूर' स्टेटस आणून रीतसर इव्हेंट थ्रेडवरून (स्विंगची स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवरून) मॉडेलमध्ये टाकला, तरी उघडलेला एडिटर आपोआप बंद होईलच असं नाही, आणि एंटर दाबला की मंजूर बिलात नवा दर जाऊन बसतो. म्हणून तीच अट सेटव्हॅल्यूअ‍ॅटमध्येही हवी. पैशाचा मामला असेल तर डेटाबेसच्या बाजूलाही हवी, यात तडजोड नको.

राखाडी रंग हवा असेल तर जरूर द्या, पण रेंडररमध्ये वेगळी अट लिहू नका, तिथे टेबलच्या इजसेलएडिटेबललाच विचारा (रेंडररला मिळणारे नंबर स्क्रीनवरचेच असतात, त्यामुळे ते बरोबर बसतात) आणि परत ट्रू करणारं एल्स लिहायला विसरू नका. स्टेटस बदलल्यावर फक्त फायरटेबलसेलअपडेटेड केलंत (एकच सेल बदलला असं टेबलला कळवलंत) तर तेवढाच सेल परत रंगतो आणि शेजारचे 'नग' आणि 'दर' कॉलमचे सेल जुन्याच रंगात राहतात, तिथे अख्ख्या ओळीसाठी फायरटेबलरोजअपडेटेड लागतं.