आठ पुरुष, पाच बायका

बाबांना जाऊन सात महिने झाले. अलिबागजवळच्या आमच्या गावात धाकटा भाऊ दर शनिवारी मशिदीत जातो (आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, मशीदच म्हणत आलो) आणि बहुतेक वेळा कद्दिश न म्हणताच परत येतो. कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची आमची प्रार्थना. तिला मिन्यान लागतं, म्हणजे दहा पुरुष. गावात उरलेत आठ. मागच्या बाकांवर आई, दोन आत्या आणि शेजारच्या दोन काकू असतात. त्या मोजायच्या नाहीत.

यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज खडाजंगी चालली आहे. ठाण्याची चुलतबहीण म्हणते, बायकांना मोजा. पनवेलचे काका म्हणतात, बापजाद्यांनी केलं नाही ते आपण करायचं नाही. तिसरं मत असं की जेरुसलेममध्ये पैसे देऊन कुणाकडून तरी अकरा महिने म्हणवून घ्या. मी इस्रायलमध्ये राहते म्हणून मला ऐकवलं जातं, "तुला काय, तिथे मिन्यान पायलीचे पन्नास!"

ते खरंच आहे. अश्दोदला आमच्या इमारतीखालच्या सिनेगॉगमध्ये संध्याकाळी नऊ जण जमले की एक जण दारात येऊन हाक मारतो, आणि रस्त्याने जाणारा कुणीतरी थांबतो. मी बायकांच्या पडद्यामागे उभी राहून कद्दिश हळूच म्हणते. हातात बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक असतं. हिब्रू अक्षरांवर त्यांनी पेन्सिलीने देवनागरीत कद्दिशचे पहिले शब्द लिहून ठेवलेत, 'यितगद्दल वेयितकद्दश'. शेवटी तीन पावलं मागे यायचं, तेव्हा दरवेळी पाठीला बाक लागतो.

शोकाच्या या कद्दिशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही. सगळी देवाची स्तुती, तीही बहुतांश अरामी भाषेत, जी तेव्हाच्या साध्या माणसालाही समजायची. शोकाचं कद्दिश हा कद्दिशच्या अनेक प्रकारांपैकी एक. अर्धं कद्दिश प्रार्थनेचा एक भाग संपवून दुसऱ्याकडे नेतं. पुरं कद्दिश आमच्या याचना मान्य व्हाव्यात असं मागतं. अभ्यासानंतरचं कद्दिश गुरू, त्यांचे शिष्य आणि शिष्यांचेही शिष्य यांच्यासाठी असतं. दफनाच्या वेळी म्हणतात त्यात मेलेले पुन्हा उठतील असं येतं. शोक करणाऱ्यांची प्रथा मध्ययुगात ऱ्हाइनकाठच्या ज्यूंमध्ये रुजली. आई-वडिलांसाठी ते अकरा महिने म्हणतात, बारा नाही, कारण परंपरेने पाप्याचा न्याय बारा महिने चालतो आणि आपल्या माणसाला कुणी पापी समजू नये.

म्हणजे हे मुळात जमावाचं म्हणणं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी 'आमेन, येहे श्मे रब्बा' असं उत्तर द्यायचं. ते उत्तर हाच त्याचा गाभा आहे. म्हणून मला विकतचं कद्दिश पटत नाही. व्हिडिओ कॉलही नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन लावायचाच नाही, आणि एरवीही 'शुल्हान आरुख' या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे दहा जण एकाच ठिकाणी हवेत. दुरून ऐकणाऱ्याने आमेन म्हटलं तर चालतं, पण तो दहात धरला जात नाही.

काकांची भीती मी खोटी मानत नाही. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी (धर्मगुरूंनी) बेने इस्रायलींच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करायला सांगितली होती. १९६४ मध्ये आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा कुठे त्या आदेशातला आमचा वेगळा उल्लेख काढला गेला. ज्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, ते नियमाला घट्ट धरून बसणारच.

पण बायकांना मोजणं हे परदेशी खूळ आहे, हे मात्र मला मान्य नाही. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये तशी मुभा दिली, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, आमच्याच डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत सुधारकी ज्यूंची 'ज्यूइश रिलिजस युनियन' उभी राहिली होती.

मी दहा पुरुष सहज मिळणाऱ्या गावात राहून त्यांना 'थांबा, नियम पाळा' म्हणणं मला शोभत नाही. समोर हजर असलेल्या पाच बायकांना वगळून दूरच्या अनोळखी माणसाला पैसे पाठवणं मला बाबांच्या बाबतीत सहन होत नाही.

आई ग्रुपवर काही लिहीत नाही. परवा फोनवर एवढंच म्हणाली, "आमेन तर मी पन्नास वर्षं म्हणतेय गं."

अकरातले चार महिने उरलेत. आज रात्री पनवेलच्या काकांना मी स्वतः फोन करणार आहे, ग्रुपवर न लिहिता.