माशाच्या कल्ल्यावर सिल्व्हर नायट्रेट ओतू नका

आत्याने परवा एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "उजनीचा मासा बंद करायचा का?" सोलापुरातल्या निदान तीन ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. सारांश असा: उजनीची चिलापी (तिलापिया) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे लॅबमध्ये बनवलेले मासे आहेत, शास्त्रज्ञांनी त्यांच्यात 'फिश हायब्रिडायझेशन' केल्याचं स्वतःच छापलंय, रायबोसोमची (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची) जनुकं अनेक गुणसूत्रांवर सापडली, म्हणजे ती बाहेरून घातली, सायप्रिनसला रोहूच्या दुप्पट गुणसूत्रं आहेत, असा मासा खाल्ला की ती जनुकं आपल्यात शिरतात. आणि शेवटी घरगुती चाचणी: कल्ला उघडा, सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाका, उन्हात ठेवा. काळा पडला तर लॅबचा, नाही पडला तर गावरान.

ही चाचणी आधी घेतो, कारण बाकीचं नुसतं हास्यास्पद आहे आणि ही घातक आहे. सिल्व्हर नायट्रेट कातडी भाजतं, बोटांवरचे काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. स्वयंपाकघरात लेकरांच्या हाताशी ठेवायची ही वस्तूच नव्हे. आणि निकाल? शंभर मासे आणा, शंभरही काळे पडतील. माशाच्या रक्तात आणि अंगावरच्या चिकट्यात मीठ असतं. चांदीला क्लोराइड भेटलं की पांढरा साका बसतो आणि तो उजेडात काळवंडतो; आपल्याकडच्या उन्हात तर बघता बघता. मासा खाऱ्या बोअरच्या पाण्याने धुतला असेल तर आणखीच. मीठ लावलेला बटाटाही या चाचणीत 'लॅबचा' ठरेल.

रायबोसोमची जनुकं गुणसूत्रावर कुठे बसलीत ते दाखवणारी चांदीची खरी पद्धत आहे, तिचंच हे विडंबन झालंय. 1980 साली हॉवेल आणि ब्लॅक या शास्त्रज्ञांनी ती सोपी करून दिली. ती करायला मासा जिवंत लागतो. त्याला कोल्चिसीन टोचतात (0.05 टक्के द्रावण, 100 ग्रॅम वजनामागे साधारण 1 मिली), म्हणजे विभागणाऱ्या पेशी ऐन मध्यावर अडकून राहतात. दोनतीन तासांनी मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून पेशी सुट्या करायच्या, 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 20 ते 30 मिनिटं फुगवायच्या, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये तीनदा धुवायच्या. थेंब काचपट्टीवर टाकून वाळवायचा. त्यावर 2 टक्के जिलेटिनचे (त्यात 1 टक्का फॉर्मिक ॲसिड) दोन थेंब आणि 50 टक्के सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब, वर झाकणकाच, 70 अंशांवर साधारण दोन मिनिटं. सोनेरी तपकिरी रंग आला की लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. ते चार थेंब बहुतेक इथूनच उचललेत!

यात चुकायला भरपूर जागा आहे. कोल्चिसीन जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखडून ठिपके होतात. फुगवणं कमी पडलं तर ती एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. ताप जास्त झाला तर सगळी काच काळ्या कणांनी भरते. नळाचं पाणी वापरलं तर पुन्हा तोच क्लोराइडचा साका. बाजारातल्या मेलेल्या माशात विभागणाऱ्या पेशी हाती लागत नाहीत, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला.

शिवाय चांदी जनुकांना रंगवतच नाही. ती त्यांच्याभोवतीच्या प्रथिनांना धरते, तेही आधीच्या टप्प्यात जी जनुकं कामाला लागली होती तिथेच. झोपलेली जनुकं दिसत नाहीत. म्हणून एकाच माशाच्या एका पेशीत दोन ठिपके आणि दुसरीत तीन, असं दिसू शकतं. यात फेरफार कुणी केलेला नाही.

आता 'अनेक गुणसूत्रांवर' हा मुद्दा. अर्धं खरं आहे, कबूल. रायबोसोमच्या आरएनएची जनुकं दोन घराण्यांची: 18एस, 5.8एस आणि 28एस एका रांगेत, आणि 5एस वेगळं, बहुतेक माशांत वेगळ्या गुणसूत्रावर. पहिल्या घराण्याची वस्ती सर्वांत जास्त वेळा एकाच जोडीवर आढळते. पण सर्वांत जास्त वेळा म्हणजे नेहमी नव्हे. 2018 साली हजारावर प्राणी-जातींतल्या या जागांची एकत्र सूची प्रसिद्ध झाली. ती चाळली की एका जोडीपासून डझनभर जागांपर्यंत सगळं सापडतं. युरोपातल्या पाइक माशात 5एसच्या तीसहून जास्त जागा आहेत आणि प्रती वीस हजारांच्या वर. तिथे कुणी सुई घेऊन गेलं नव्हतं.

या जागा पसरतात कशा? एकसारख्या शेकडो प्रती रांगेत असल्या की गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना रांग एखाद्दुसऱ्या घराने सरकते. एकाला प्रती जास्त मिळतात, दुसऱ्याला कमी. त्यामुळे जोडीतल्या एका गुणसूत्रावर मोठा ठिपका आणि दुसऱ्यावर नावापुरता. 18एसची वस्ती बऱ्याच माशांत गुणसूत्राच्या टोकाला असते. बीजपेशी बनताना टोकं जवळ येतात आणि तुकडे भलत्याच गुणसूत्रावर जातात. उड्या मारणारे डीएनएचे तुकडेही हातभार लावतात. आणि माणसात? ही जनुकं 13, 14, 15, 21 आणि 22 या पाच जोड्यांवर आहेत, 5एस वेगळं, पहिल्या जोडीवर. मेसेजच्या हिशेबाने तो पाठवणाराही लॅबचाच.

'फिश हायब्रिडायझेशन' वाचून तर हसावं की रडावं कळेना. फिश हे तंत्राचं नाव आहे: फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन. चमकणारा डीएनएचा तुकडा काचेवरच्या गुणसूत्राला चिकटवून जागा शोधायची, एवढंच. रक्ताच्या कर्करोगाच्या तपासणीत माणसाच्या पेशींवरही हेच करतात. संकराशी संबंध शून्य.

सायप्रिनसला 100 आणि रोहूला 50 गुणसूत्रं, हे बरोबर. सायप्रिनसच्या पूर्वजांत दोन जातींचे संच एकत्र आले, तेही माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी. दुप्पट म्हणजे लॅब, असं असेल तर शेंगा चटणी आधी बंद करा: भुईमुगाला 40 गुणसूत्रं आहेत, त्याच्या दोन्ही रानटी पूर्वजांना 20-20. आणि खाल्लेली जनुकं अंगात शिरत असती तर मेथीची भाजी खाऊन आपण हिरवे झालो असतो.

गोंधळाचं एक कारण मात्र खरं आहे. 'गिफ्ट' चिलापीच्या नावात 'जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड' हे शब्द आहेत. 1988 साली फिलिपिन्समध्ये सुरू झालेलं ते निवडीचं काम आहे, चांगल्या वाढीच्या माशांतून पुढची पिढी घेण्याचं. भुवनेश्वरची जयंती रोहूही तशीच. बाहेरचं जनुक दोन्हींत नाही.

फसवणूक होते ती मांगूरमध्ये. देशी मांगूरला 50 गुणसूत्रं, बंदी असलेल्या आफ्रिकन मांगूरला 56, आणि संकर झाला तर हिशेबाने 53. पण मेलेल्या माशाची गुणसूत्रं मोजता येत नाहीत. तिथे जात ओळखायला पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीला द्यावा लागतो. नुसतं मायटोकॉन्ड्रियाचं जनुक वाचलं तर आईची जात कळते, बापाची नाही. बाप शोधायला केंद्रकातला डीएनए वाचावा लागतो, आणि त्यासाठी बऱ्याचदा 18एस आणि 28एस यांच्या मधला पट्टाच निवडतात. म्हणजे ज्या जनुकांवरून हा मेसेज घाबरवतोय, तीच इथे साक्षीला येतात.