कातडी बघून मत कोण देतं?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी सातला कॉल आहे, तरी हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आज जॉर्जियातल्या कमिंगला एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. आरती झाली, जेवणं झाली, पुरुष मंडळी सोफ्यांवर आणि आम्ही बायका ओट्याभोवती, नेहमीसारखं. कुठून तरी इथल्या निवडणुकीचा आणि काळ्या मतदारांचा विषय निघाला. एक दादा आहेत, पासष्टीच्या आसपासचे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ इथे आहेत, माझ्या लेकीच्या बारशाला आलेले, अडीनडीला धावून जाणारे. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे बघा, ते लोक कातडी बघून मत देतात. नव्वद टक्के एकाच पक्षाला! आपण विचार करून देतो. म्हणून तर आपण पुढे आलो." चार-पाच माना हलल्या. कुणीतरी "अगदी बरोबर" म्हणालं.

मी गप्प बसले. सणासुदीचं घर, वयाने मोठा माणूस, हातात पानाचा विडा. गप्प बसले.

परत येताना हायवेला लागेपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही. एकोणीस वर्षांची आहे. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, तू काहीच का नाही बोललीस?"

तर आता बोलते.

अमेरिकेत अध्यक्ष निवडताना लोक वर्ण बघतात का? बघतात. यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही, इथे राहणाऱ्या कुणालाच वाटू नये. माझा प्रश्न एवढाच आहे की 'कातडी बघून' हे शब्द आपण फक्त काळ्यांसाठीच का राखून ठेवलेत?

१२ ऑक्टोबर २०२०. जॉर्जियात निवडणुकीच्या दिवसाआधीच्या, लवकर मतदानाचा पहिला दिवस. मी २०१८ला सिटिझन झाले, त्यामुळे अध्यक्षपदासाठीचं माझं ते पहिलंच मत. ग्विनेट काउंटीतल्या आमच्या केंद्रावर सकाळी सातला गेले तर रांग पार्किंगला वळसा घालून रस्त्यापर्यंत आलेली. करोनाचे दिवस, जमिनीवर सहा-सहा फुटांवर चिकटपट्ट्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सहा तास उभी होते त्या रांगेत. माझ्या पुढच्या पट्टीवर एक काळी आजी होती. बरोबर घडीची खुर्ची, डोक्यावर चर्चला घालतात तशी जांभळी टोपी. रांग पुढे सरकली की ती उठायची, खुर्ची मिटायची, दोन पावलं जायची, खुर्ची उघडायची, बसायची. दोनदा मी खुर्ची उचलायला गेले. तिने हात वर करून थांबवलं. "हनी, हे माझं मला करू दे."

दोन-अडीच तासांनी माझ्या पर्समधून मी चिक्कीचं पाकीट काढलं. एक वडी कागदात गुंडाळलेली होती, ती लांबूनच तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. तिने मास्क खाली करून चावा घेतला आणि हसली. ही तर आमची पीनट ब्रिटल, म्हणाली. दक्षिण जॉर्जियातली ती. बाप दुसऱ्याच्या जमिनीत भुईमूग करायचा, अर्ध्या वाट्याने. मी म्हटलं, माझ्या आजोळीही भुईमूगच. मग काय, बोलत बसलो.

तिने बापाची गोष्ट सांगितली. पन्नासच्या दशकात कधीतरी तो रविवारचे कपडे घालून कोर्टाच्या इमारतीत मतदार म्हणून नाव घालायला गेला. कारकुनाने घटनेतला एक उतारा पुढे टाकला, वाच म्हणाला. त्याने न अडखळता वाचला. अर्थ सांग म्हणाला. त्याने सांगितला. कारकून म्हणाला, मला नाही पटला. आठवडाभरात जमिनीच्या मालकाचा निरोप आला, पीक निघालं की घर रिकामं करा.

तिने आणि बापाने अध्यक्षपदासाठी पहिलं मत दिलं ते १९६८ला, एकाच दिवशी. तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि बाप साठी ओलांडलेला. १९६५चा मतदान हक्काचा कायदा झाला, म्हणून तरी. घटनेने काळ्या पुरुषाला मताचा हक्क दिला १८७०ला. हिशेब तुम्हीच करा.

आणि त्या १९६८च्या निवडणुकीत जॉर्जिया राज्य कोण जिंकलं? जॉर्ज वॉलेस. अलाबामाचा माजी गव्हर्नर. काळे-गोरे आज वेगळे, उद्या वेगळे, कायमचे वेगळे राहतील, असं शपथविधीच्या भाषणात गरजलेला माणूस. दक्षिणेतली पाच राज्यं त्याने घेतली. दादा, त्या वर्षी कातडी बघून मत कुणी दिलं? त्या आजीने की बाकीच्या जॉर्जियाने?

१९६४मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षाच्या शेवटी झालेल्या निवडणुकीनंतर आजवर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला देशातल्या गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत. कार्टरना नाहीत, क्लिंटनना नाहीत, ओबामांना दोन्ही वेळा नाहीत, बायडनना नाहीत. आमच्या जॉर्जियात दहा गोऱ्यांपैकी सात जण एकाच, रिपब्लिकन पक्षाला मत देतात. याला कुणी 'कातडी बघून' म्हणत नाही. याला म्हणतात ग्रामीण मतदार, धार्मिक मतदार, कामगार मतदार. दहा काळ्यांपैकी नऊ डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले की मात्र ते मेंढरं!

मला या शब्दाचा फार राग येतो. दादांनी तो वापरला नाही, पण सोफ्यावरून तो मला ऐकू आला.

बरं, काळे जर खरंच कातडी बघत असतील तर २०००मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना आणि २००४मध्ये जॉन केरी यांना त्यांची नव्वद टक्क्यांच्या आसपास मतं का मिळाली? ते तर चांगले गोरेपान. २०२०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायच्या फेरीत साउथ कॅरोलिनातल्या काळ्या मतदारांनी बुडत चाललेल्या कुणाला वर काढलं? सत्त्याहत्तर वर्षांच्या गोऱ्या बायडनना. आणि लांब कशाला, आपल्याच राज्यात २०२२ला सिनेटसाठी दोन्ही उमेदवार काळे होते, डेमोक्रॅट वॉर्नॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर. वॉकर म्हणजे जॉर्जियाचा फुटबॉलमधला देव. काळ्यांनी तरी वॉर्नॉकनाच मत दिलं, तेही प्रचंड फरकाने. कातडी तर सारखीच होती!

ते कातडी बघत नाहीत, कोर्टातला तो कारकून आज कुठल्या पक्षात बसलाय ते बघतात. ही आठवण आहे आणि ती राजकारणातली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. आपल्याकडे नाही का, एखाद्या घराण्याने आजोबांना पाण्यावरून हाकललं असेल तर नातू त्या घराण्याला मत देत नाही? त्याला आपण स्वाभिमान म्हणतो ना?

हो, मान्य आहे, सगळं एवढं सरळ नाही. आयोवासारख्या जवळपास सगळ्या गोऱ्या राज्याने ओबामांना दोनदा निवडून दिलं. २०२४ला टेक्सासमधल्या स्टार काउंटीने, जिथे जवळजवळ सगळेच लॅटिनो आहेत, शंभराहून जास्त वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं. काही काळे तरुणही तिकडे वळले. महागाई, अंडी, घरभाडं, सगळं असतं. असू दे. त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

आता आपल्याविषयी. "आपण विचार करून देतो."

२०२०ला कमलाताई हॅरिस उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या तेव्हा तमिळनाडूतल्या त्यांच्या आजोबांच्या गावात फटाके फुटले आणि आपल्या ग्रुपवर इडलीचे फोटो फिरले. २०२४ला त्याच ग्रुपवर, "ती स्वतःला ब्लॅक म्हणवते, आपली कुठली?" त्याच सुमाराला शिकागोत काळ्या पत्रकारांसमोर बसून ट्रम्प म्हणाले होते की ही अचानक काळी झाली. आपल्या लोकांनी तेच वाक्य मराठीत केलं, एवढंच. आणि मग रिपब्लिकन उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या भारतीय वंशाच्या बायकोचे, उषा व्हान्सचे फोटो आले, "आपली मुलगी व्हाइट हाउसच्या दारात!" हे काय होतं? करप्रणालीवरचा अभ्यास होता? आईचं आडनाव, नाकडोळे, मंगळसूत्र बघून आपलं-परकं ठरवलं आपण. मीही ठरवलं. २०२०ला कमलाताईंचं नाव बॅलटवर बघून माझ्या पोटात जे हललं ते धोरण वाचून हललेलं नव्हतं. मला त्याची लाज नाही. पण मग दुसऱ्याला नावं ठेवायचा हक्क मला उरत नाही.

एक गोष्ट मात्र आहे ज्याची लाज आहे. २००९ला आम्ही घर बघत होतो तेव्हा एजंटला आम्ही दोघांनी एकच सांगितलं होतं, "चांगल्या शाळेच्या भागात." चांगली शाळा म्हणजे काय ते एजंटला कळलं, आम्हालाही कळत होतं. गुणांचे आकडे तर बघितलेच, पण वर्गाच्या फोटोत कोणती मुलं किती आहेत तेही बघितलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मत काय फक्त बॅलटवरच देतो आपण?

आणि आज आपण बसलो होतो कुठे? कमिंग, फोर्साइथ काउंटी. १९१२मध्ये याच काउंटीतून सगळ्या काळ्या लोकांना हाकलून दिलं. हजाराहून जास्त माणसं. एका गोऱ्या मुलीच्या खुनाचं निमित्त झालं. एकाला जमावाने मारलं, दोन कोवळ्या पोरांना खटला चालवून फासावर दिलं, आणि त्याच काळात रात्री घोड्यांवरून येणाऱ्या टोळ्यांनी घरं आणि चर्चं जाळली. शेतं, गुरं, सगळं टाकून लोक पळाले. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही काउंटी जवळपास पूर्ण गोरी होती. १९८७च्या जानेवारीत तिथे शांततेचा मोर्चा निघाला तर त्यावर दगड आणि बाटल्या आल्या. १९८७! मी तेव्हा शाळेत होते. पुढच्या आठवड्यात वीसेक हजार लोक परत मोर्चा घेऊन आले, तेव्हा कुठे ती कोंडी फुटली. म्हणून आज तिथे आपली घरं आहेत, देवळं आहेत, क्रिकेटची मैदानं आहेत. त्या जमिनीवर पाट मांडून, कलश ठेवून आपण म्हणतो की ते लोक कातडी बघतात.

लिहिता लिहिता हात थरथरतोय माझा.

आपण या देशात आलो कसे? १९२३ला भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. मत तर पुढची गोष्ट. १९६५च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या काळ्यांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जॉन्सननी इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली, तेव्हा आपल्यासाठी दार उघडलं. एकाच वाऱ्याने उघडलेली दारं आहेत ही. आपण पुढे आलो ते विचार करून मत दिलं म्हणून नाही दादा, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या मागून आत शिरलो म्हणून. जोतिबांना हे पुण्यात बसून कळलं होतं. १८७३ला त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. आपल्याला अटलांटात राहून कळत नाही?

त्या रांगेचं राहिलंच. एक वाजून गेल्यावर आजी आत गेली. मी माझं मत देऊन बाहेर आले तेव्हा ती खुर्ची काखेत मारून दाराबाहेर उभी होती. जॅकेटवर पीचचं चित्र असलेलं, मत दिल्यावर मिळतं ते स्टिकर, आणि हातात अजून एक, पाठीचा कागद न काढलेलं. माझ्यासाठीच थांबली होती. "तुझं पहिलं ना?" म्हणाली, "नीट दिलंस?" मी मान हलवली. कुणाला दिलं ते तिने विचारलं नाही, मीही नाही. चिक्कीचा तो कागद तिने घडी घालून जॅकेटच्या खिशात ठेवला होता, कोपरा बाहेर दिसत होता. तिचं नावही विचारलं नाही मी. सहा तास बरोबर काढून नाव विचारलं नाही!

त्या वेळी जॉर्जियाचा निकाल ११,७७९ मतांनी बायडनकडे फिरला. पुढच्याच वर्षी इथल्या विधिमंडळाने कायदा केला की केंद्राजवळ रांगेतल्या मतदाराला खायला-प्यायला देणं हा गुन्हा. मतदारांवर दबाव येऊ नये म्हणून, असं सांगतात, आणि त्यातला काही भाग पुढे कोर्टाने थांबवलाही. पण तास तास रांगा कुठल्या वस्त्यांत लागतात, हे जॉर्जियात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. चिक्कीची एक वडी होती ती.

२०२४ला लेकीचं पहिलं मत होतं. तिला घेऊन त्याच केंद्रावर गेले. वीस मिनिटांत काम झालं. मी मात्र रांगेभर मागे वळून वळून जांभळी टोपी शोधत होते. आजी आता सत्त्याऐंशीच्या पुढे असेल. असेल ना?

दादा, तुम्ही हे वाचालच. रागावू नका. परवा वहिनींना डॉक्टरकडे न्यायचंय, मी साडेनऊला गाडी घेऊन येतेय, ठरल्याप्रमाणे. जाता-येता आपण बोलू. तुमच्याशी भांडण नाही माझं, आज गप्प बसलेल्या माझ्याशी आहे.

लेकीच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. तिला देवनागरी वाचता येत नाही. वर जाऊन तिला हे वाचून दाखवते.