‘आरोग्यदूत’ म्हणजे नाटक? फॉरवर्डमधल्या दाव्यांना उत्तर

ठाणे-नवी मुंबईच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: शाळेत मुलांनाच आरोग्यदूत (म्हणजे खाण्या-हालचालीच्या चांगल्या सवयी इतर मुलांना सांगणारी मुलं) नेमणं हे नाटक आहे, मुलं मुलांचं ऐकत नाहीत, पौष्टिक खाण्यात कँटीनवाला बुडतो, आपल्या शाळांत पळायला जागा नाही आणि अभ्यास मागे पडतो.

‘मुलं ऐकत नाहीत.’ पोस्टरचं ऐकत नाहीत, हे खरं. आठवीच्या मुलीने पाचवीच्या वर्गात थंड पेयाची रिकामी बाटली नेऊन लेबल वाचून दाखवावं. 100 मिलीत 11 ग्रॅम साखर असेल, तर 250 मिलीत साडेसत्तावीस. साखरेबाबत जागतिक आरोग्य संघटनेची अधिक कडक शिफारस दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 5 टक्क्यांची. 2000 किलोकॅलरीला ती 25 ग्रॅम होते. एका बाटलीत दिवस संपला! हे गणित पोरं घरी जाऊन सांगतात.

‘कँटीन बुडतं.’ बुडतं ते उरलेल्या मालामुळे. ‘उद्या कोण घेणार?’ म्हणून वर्गात हात वर करायला सांगितलं की सगळेच करतात, मधल्या सुट्टीत निम्मे फिरकत नाहीत. म्हणून वर्गप्रतिनिधींनी आदल्या दिवशी पैसे घेऊन कूपन द्यावं आणि आकडा कँटीनला कळवावा. उदाहरणार्थ, एक किलो मूग मोड आल्यावर दोन किलोंच्या वर भरतात, म्हणजे 50 ग्रॅमच्या 40 वाट्या. मूग 120 रुपये किलो धरले तरी वाटीमागे मुगाचे 3 रुपये. पावसाळ्यात फडकं घट्ट बांधलं, पाणी नीट निथळलं नाही, तर मोड चिकट होऊन वास मारतात. असा माल फेकावाच लागतो. चांगले मोडही पाच-सात मिनिटं वाफवूनच द्यावेत, कच्च्या मोडांत जंतू वाढतात. मीठ, टोमॅटो, लिंबू वाढताना. आधी घातलं की सुट्टीपर्यंत पाणी सुटतं. आणि तेलकट, गोड, खारट पदार्थ शाळेत व आवारापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, हे एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या नियमांतच आहे. मात्र गेटबाहेरच्या गाडीवाल्याशी मुलांनी भांडू नये; ते काम व्यवस्थापनाचं.

‘जागा नाही.’ मुलांना लागणारी दिवसाला 60 मिनिटांची हालचाल सलग व्हावी लागत नाही. बाकांमध्ये उभं राहून 30 सेकंद जागेवर धावणं, 15 सेकंद थांबणं, अशा आठ फेऱ्या: सहा मिनिटं. वरच्या मजल्यावर उड्या नकोत, खालचा वर्ग ओरडतो. उठाबशाही नकोत, त्या शिक्षा वाटतात. ओल्या व्हरांड्यात पळणं तर नकोच. जिथे मैदान आहे तिथे अडचण वेगळीच: चेंडू नववी-दहावीच्या मुलांकडे आणि मुली कडेला. वारांप्रमाणे मैदान वाटून द्यायचं, तक्ता मुलांनीच सांभाळायचा.

‘अभ्यास मागे पडतो.’ दोन तासिकांच्या मधल्या सहा मिनिटांनी? असो.

मेसेजमध्ये नसलेला एक आक्षेप मात्र रास्त आहे. आरोग्यदूतांना दुसऱ्यांचे डबे तपासायचा किंवा वजन करायचा अधिकार दिला, की चिडवाचिडवी सुरू होते आणि काही मुलं डबा लपवून खायला लागतात. मोजायचं तर आठवड्याला किती कूपनं खपली आणि किती वर्गांनी सहा मिनिटं पूर्ण केली, एवढंच मोजावं.