पोरं आळशी नाहीत हो

सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर एका निवृत्त साहेबांचा मेसेज. "मंदी आहे, सरकारने किती जणांना पोसायचं? आपल्या मराठी पोरांना कष्ट नकोत, फक्त सरकारी खुर्ची हवी." खाली टाळ्या आणि अंगठे. साहेब स्वतः मंत्रालयातून रिटायर झालेत बरं का. पेन्शन वेळच्या वेळी जमा.

तिथे उत्तर दिलं नाही. इथे देते, इथे आपली माणसं आहेत.

नेमकं आजच आईला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी वांद्र्याच्या एका ऑफिसात गेले होते. तिचा अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर भांडी घासून रेषाच झिजल्यात. टेबलावरचा पोरगा उठला, स्वतःच्या रुमालाने तिचा अंगठा पुसला. "आजी, घाबरू नका, जरा तिरका दाबा." शेवटी एकदाचा हिरवा दिवा लागला. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर मोठ्या अक्षरात कुठल्याशा ठेकेदार कंपनीचं नाव. सहज चौकशी केली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. हातात चौदा हजार, तेही दोन महिने थकलेले. माझ्या आईचं फॅमिली पेन्शन याहून जास्त आहे!

माझे बाबा दहावी नापास. मंत्रालयाला सचिवालय म्हणायचे तेव्हा कोकणातून येऊन शिपाई म्हणून चिकटले. त्या एका पगारावर आम्ही तिघी बहिणी शिकलो, वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत वाढलो. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या तेव्हा मराठी घरांना उरलं काय होतं? बेस्ट, महापालिका, पोलीस, मंत्रालय. आता बेस्टच्या कितीतरी बसही भाड्याच्या आणि ड्रायव्हरही ठेक्याचे.

लॉकडाऊनमध्ये, 4 मे 2020 ला शासन निर्णय निघाला, आरोग्य खातं सोडून नवी भरती बंद. तिजोरीत खडखडाट होता, मान्य. पण काम थांबलं का? फायली तेवढ्याच, दाखले तेवढेच, रांगा तर वाढल्याच. टेबल तेच, फक्त बसणारा ठेक्याचा. सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा निर्णय काढला, ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. कागद मागे घेतला हो. त्या पोराच्या गळ्यातलं कार्ड कुणी काढून घेतलं?

आणि आळशी म्हणे! मंत्रालयाच्या कँटीनमध्ये वेटरच्या 13 जागा निघाल्या होत्या, अर्ज आले सात हजार. पात्रता चौथी पास, आणि लागलेले जवळजवळ सगळे पदवीधर. पदवी घेऊन लोकांच्या उष्ट्या बश्या उचलायला जे तयार आहेत, त्यांना कष्ट नकोत? 2024 च्या पोलीस भरतीला 17 हजारांच्या आसपास जागा आणि 17 लाखांवर अर्ज. भर पावसाळ्यात मैदानी चाचणी. धावून बघा एकदा, साहेब.

हो, वर्षानुवर्षं नुसती पुस्तकं मांडीवर घेऊन बसणारेही आहेत, आमच्या नात्यातच एक आहे. आणि जुन्या परमनंट लोकांनी टेबलावर बसून किती काम केलं तेही आम्ही पाहिलंय. तुमच्यासकट.

त्या पोराला विचारलं, दुसरीकडे का नाही बघत रे? म्हणाला, "काकू, आधी लोअर परळला कंपनीत होतो. एका मेलवर काढलं. इथे निदान आईला चारचौघांत सांगता येतं, सरकारी ऑफिसात आहे म्हणून." मुलीकडचे मात्र पहिलाच प्रश्न विचारतात, परमनंट का? आम्ही निघालो तर दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, पगाराचं बोललो ते आत कुणाला सांगू नका हं. एवढं वाढलेलं पोर, आपल्याच घामाचे पैसे थकलेत हे बोलायलाही घाबरतं. लिहितानाही घशाशी आवंढा येतोय.

असो. उद्या साहेबांना गुड मॉर्निंग घालीनच, शेजारी आहेत, पाण्याच्या टँकरला एकत्रच धावायचंय.

पण कुणाच्या बँकेत, पतपेढीत, शाळेत, कुठेही जागा निघत असेल तर इनबॉक्स करा. त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. बी.कॉम., एमएससीआयटी, टायपिंग मराठी 30, इंग्रजी 40. अंबरनाथहून येतो, पहाटेची गाडी पकडायची सवय आहे. फक्त ठेक्याचं असेल तर कळवू नका.