खुलासा: शिसं गेलं, बेंझिन आहे

'पेट्रोल आता बिनशिशाचं, पंपावरच्या पोरांना कायचा धोका?' असा मेसेज दारव्हा-दिग्रसकडच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धंच खरं. शिसं मिसळणं २००० साली देशभर बंद झालं. बेंझिन हे पेट्रोलमधलं रसायन मात्र बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण-मानकाच्या) पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत चालतं, आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध आहे. ते श्वासातून जातं, कातडीतूनही. मे महिन्यात ४५ अंशांत टाकीचं झाकण उघडलं की वाफ सरळ तोंडावर! गॅरेजातली सवय त्याहून वाईट: कार्बोरेटर पेट्रोलनं धुवायचा, मग त्याच डब्यात काळे हात. रुमाल बांधून वाफ अडत नाही. हात साबणानंच धुवा, भिजलेला शर्ट लगेच बदला. नळी तोंडानं ओढताना पेट्रोल पोटात गेलं, तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरतं. थेट दवाखाना गाठा.