अर्थ नसलेली वायर

आमच्या मालकीचा एक ट्रेलर आहे, हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने उच्चारीत असे. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे हे दोन चाकांचे घर पावसाळाभर फोंड्यातील आमच्या अंगणात, माडाखाली, निळी ताडपत्री पांघरून उभे असते. दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाट चढून बेळगाव आणि तिथून कोल्हापूर गाठायचे ठरले, तेव्हा हातात आठ दिवस होते आणि पत्नीच्या मते काम किरकोळ होते. "अहो, जरासं सिलिकोन मारलं की झालं," ती म्हणाली. या 'जरासं'वर मी विश्वास ठेवला.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला आमच्या वाट्याचा हिस्सा थेट माझ्या उशीवर पडला असावा, असे तिच्यावरील तांबूस नकाशावरून दिसत होते. उशीच्या बरोबर वर छताचा एक सांधा होता. तिथे मी सिलिकोनची जाडजूड रेघ ओढली आणि बोटाने ती अशी गुळगुळीत केली, की स्वतःलाच कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी ती रेघ केळीच्या सोपटासारखी अखंड सोलून हातात आली. नवे सिलिकोन जुन्या सिलिकोनला धरत नाही. जुने आधी खरवडून, जागा स्पिरिटने पुसून घ्यावी लागते, हे ज्ञान दुकानदाराने मला दुसरी नळी विकताना दिले. पहिली विकताना ते त्याच्याकडे नसावे.

खरवडण्यात एक दिवस आणि वाळण्यात एक दिवस गेल्यावर परीक्षा घेतली. पत्नी आत बॅटरी आणि पातेले घेऊन बसली, मी शिडीवर चढून छतावर पाइपने पाणी सोडू लागलो.

"आलं का?"

"नाही."

उशीवरची जागा पार केली, ओट्यावरची केली, आणि मी अगदी दुसऱ्या टोकाला, हवेच्या झरोक्यापाशी पोहोचलो, तेव्हा आतून विजयी आरोळी आली, "आलं, आलं! उशीवरच आलं!" झरोक्याच्या गंजलेल्या स्क्रूमधून आत शिरलेले पाणी पत्र्याखालच्या प्लायवूडवरून आठ फूट चालत जाई आणि विश्रांतीसाठी माझी उशी निवडी. तीन दिवस मी निरपराध सांध्याला शिक्षा करीत होतो. झरोका उचलून नव्या स्क्रूंनी पक्का केला आणि भोवतीची पांढरी रेघ दिसू नये म्हणून तिला छताचा निळा रंग देऊ गेलो, तर सिलिकोनवर तो रंग अळवावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन बसला. तो अजून तसाच आहे. शेजारी त्याला नक्षी म्हणतात.

आतील कामे त्यामानाने लवकर आटोपली. शेगडीखालच्या गॅसच्या झरोक्यात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, ते पाडले. गाद्यांवरची बुरशी माडाच्या व्हिनेगरने पुसली. तेव्हापासून आत शिरताच कोणीतरी विंदालू शिजत ठेवून बाहेर गेले आहे असे वाटते. टायरची नक्षी कोरी करकरीत दिसत होती, म्हणून मी निश्चिंत होतो. पण त्याच्या कडेवरील शेवटचे चार आकडे १४१७ निघाले, म्हणजे तो २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यातला, आणि बाजूला पायांच्या टाचांसारख्या भेगा. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, तर उभ्या उभ्या म्हातारे होऊन जातात. दोन्ही बदलले. 'जरासं'मध्ये ही रक्कम धरलेली नव्हती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मोटारीत बसून ब्रेक दाबला आणि मागे उभ्या असलेल्या पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, "दोन्हीकडचे पिवळे दिवे मिणमिणतायत." डावा इंडिकेटर लावला, तर सारेच दिवे एका तालात, आरतीला उभे असल्यासारखे उघडझाप करू लागले. दोन तास मी बल्ब बदलले, सात पिनांचा प्लग घासला, फ्यूज तपासला आणि शेवटी नाक्यावरच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने खाली वाकून पांढरी वायर दोन बोटांनी हलवली, माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि तो कोंकणीत म्हणाला, "पात्रांव, हाका अर्थ ना." मालक, याला अर्थ नाही.

गेल्या आठ दिवसांचे इतके नेमके परीक्षण मला कोणी ऐकवले नव्हते. मी मान डोलावली. त्याला अर्थातच अर्थिंग म्हणायचे होते. सांगाड्याला जोडलेला त्या वायरचा बोल्ट गंजल्यामुळे ब्रेकच्या दिव्यातल्या विजेला परतीची वाट मिळत नव्हती आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बल्बमधून वाट काढीत होती. त्याने पॉलिश पेपरने गंज घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीसचे बोट लावले. दहा मिनिटे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या सिलिकोनच्या नळीच्या तोंडात स्क्रू खुपसून ती सोबत घेतली आणि निघालो. साखळी गावाच्या अलीकडे डावे वळण आले. मी शंभर पावले आधीच इंडिकेटर लावला. आरशातून त्याचा पिवळा प्रकाश स्वच्छ, एकटा, अर्थपूर्ण असा लुकलुकताना दिसत होता. तेवढ्यात मागून एक स्कूटर आली आणि डाव्या बाजूने आम्हांला ओव्हरटेक करून गेली.